आठ वर्षांच्या वकिलीनंतर नोटरी: इंदूरच्या एका वकील भगिनीस उत्तर

पत्राचा आशय असा: इंदूरच्या जिल्हा न्यायालयात आठ वर्षे कौटुंबिक आणि दिवाणी प्रकरणांत वकिली करणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे की, घरी शाळेत जाणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असल्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोर्टात थांबणे आता जमत नाही. आपल्याला नोटरी होता येईल का, त्यासाठी परीक्षा असते का, अर्ज भोपाळला करायचा की दिल्लीला, आणि "साहेबांशी बोलून नेमणूक करवून देतो" असे सांगून मोठी रक्कम मागणाऱ्या एका मध्यस्थाचे ऐकावे का, असे त्यांनी विचारले आहे. सासरे म्हणतात की लोकमान्य नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीतच कार्यालय थाटावे, कारण आपल्या लोकांचे मराठी कागद घेऊन कुठे जावे हे कुणाला कळत नाही. त्यावरही त्यांना मत हवे आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते: आपण अर्ज करण्यास पात्र आहात. नोटरी अधिनियम १९५२ चा आहे, तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला आणि त्याखालचे नोटरी नियमही १९५६ चेच आहेत. या नियमांप्रमाणे वकिलाला सर्वसाधारणपणे किमान दहा वर्षांची वकिली लागते. परंतु महिला वकिलांना, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गांतील वकिलांना सात वर्षे पुरतात. कोर्टाच्या आवारात अजूनही "दहा वर्षे झाल्याशिवाय कागद हलत नाही" असे सरसकट सांगितले जाते आणि त्यामुळे पात्र असलेल्या कितीतरी महिला वकील उगाच थांबून राहतात. आपण त्यांच्यात राहू नये.

लेखी परीक्षा नियमांत सांगितलेली नाही. मात्र नुसती कायद्याची पदवी असून भागत नाही. बार कौन्सिलची सनद हवी आणि त्या सनदेवर प्रत्यक्ष वकिली केलेली हवी. २००९-१० आणि त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षांत पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही लागते, आणि आपण त्याच पिढीतल्या असल्यामुळे ते आपल्याजवळ असेलच. खरी अडचण दुसरीकडे येते. आठ वर्षे वकिली केली हे आपल्याला ठाऊक आहे, आपल्या शेजारच्या टेबलावरील वकिलांना ठाऊक आहे, पण फाइलमध्ये ते दिसले पाहिजे. म्हणून प्रत्येक वर्षातील दोन-तीन प्रकरणे निवडावीत, ज्यांच्या वकालतनाम्यावर आपली सही आहे आणि ज्यांच्या आदेशपत्रिकेत आपली हजेरी नोंदलेली आहे. त्यांच्या प्रती काढून वर्षवार लावून ठेवाव्यात. मुलीच्या जन्माच्या सुमारास काम कमी झाले असेल, तर त्या काळातले जे काही थोडे कागद असतील ते विशेष जपून लावावेत. सनदेची तारीख वकिली कधी सुरू झाली एवढेच सांगते. ती चालू राहिली, हे या प्रती सांगतात.

आता भोपाळ की दिल्ली. अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने नोटरी नेमण्याचा अधिकार दोघांनाही दिला आहे: केंद्र सरकार संपूर्ण भारतासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी नेमू शकते, आणि राज्य सरकार आपल्या राज्यासाठी किंवा त्यातील एखाद्या भागासाठी. राज्याचे काम भोपाळच्या विधी आणि विधायी कार्य विभागाकडून चालते, तर केंद्राचे काम विधी आणि न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाकडून. केंद्राने २०२४ मध्ये नोटरींसाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले असून तेथील प्रमाणपत्रेही आता ऑनलाइन पद्धतीने दिली जातात. दोन्हीकडच्या नोटरींचे अधिकार सारखेच. केंद्राच्या नोटरीचा शिक्का अधिक वजनदार आणि राज्याच्या नोटरीचा हलका, अशी जी समजूत लोकांत असते तिला कायद्यात आधार नाही. फरक पडतो तो प्रमाणपत्रावर लिहिलेल्या क्षेत्राचा. ज्या क्षेत्रासाठी नेमणूक झाली, त्याच क्षेत्रात बसून काम करायचे असते. उज्जैनचा माणूस आपल्याकडे इंदूरला आला तर त्याचे काम खुशाल करावे, परंतु आपण शिक्का घेऊन उज्जैनला जाऊ नये. पुढे गरज वाटल्यास क्षेत्र वाढवून मागता येते.

प्रत्येक राज्यात केंद्राने किती आणि राज्याने किती नोटरी नेमावेत, याची कमाल संख्या नियमांच्या अनुसूचीत ठरवून दिलेली आहे. म्हणजे पात्रता असली तरी जागा असेलच असे नाही. त्यासाठी विभागाच्या सूचनांवर लक्ष ठेवावे आणि आपल्या तहसिलीत जागा रिकाम्या आहेत का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. नोटरींची यादी दरवर्षी राजपत्रात प्रसिद्ध करावी असे अधिनियमातच म्हटले आहे. ती यादी चाळली की इंदूरच्या कोणत्या भागात नोटरींची दाटी आहे आणि कोणत्या भागातील लोकांना लांब जावे लागते, हे आपल्यालाच दिसेल. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अर्जदाराची निवड करताना काय पाहावे हे नियमांनी बरेच स्पष्ट करून ठेवले आहे: अर्जदार त्या भागात सामान्यतः राहतो का, त्या भागाचे व्यापारी महत्त्व आणि तेथे आधीच असलेले नोटरी पाहता आणखी एकाची गरज आहे का, त्याला व्यापारी कायद्याचे ज्ञान आणि अनुभव कितपत आहे, त्याची वकिली किती आहे, तो एखाद्या फर्ममध्ये असेल तर तेथे दुसरा नोटरी आहे का, आणि इतर अर्जदारांच्या तुलनेत तो अधिक योग्य आहे का. आपल्या अर्जातले प्रत्येक वाक्य या प्रश्नांपैकी कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे. "मला गरज आहे" हे त्यात कुठेच बसत नाही. "या भागाला गरज आहे" हे बसते.

अर्ज ठरलेल्या नमुन्यातच करावा लागतो. त्यावर दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या घेण्याची पद्धत नियमांनी घालून दिली आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी जो नमुना लागू असेल तोच घ्यावा; टायपिस्टकडे पडून राहिलेला जुना नमुना वापरू नये. या स्वाक्षऱ्या अशा माणसांच्या घ्याव्यात, ज्यांना उद्या कुणी विचारले तर ती आपल्याविषयी स्वतःच्या माहितीने दोन वाक्ये बोलू शकतील. घाईने अर्धवट अर्ज लावणेही महागात पडते, कारण अर्ज नामंजूर झाल्यास सहा महिन्यांच्या आत केलेला दुसरा अर्ज नियमाप्रमाणे फेटाळला जातो.

केंद्राच्या नेमणुकीसाठी मुलाखत घेतली जाते. आपली कामे कौटुंबिक आणि दिवाणी स्वरूपाची असल्यामुळे आपला कच्चा भाग उघड आहे: व्यापारी कायदा. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ आपण धनादेश न वटल्याच्या प्रकरणांपुरता वाचला असेल. आता त्याची ९९ पासून १०२ पर्यंतची कलमे, म्हणजे हुंडी किंवा विनिमयपत्र स्वीकारले न गेल्यास वा त्याचे पैसे न मिळाल्यास नोटरीने करावयाची नोंद आणि त्यावरून द्यावयाचे निषेधाचे प्रमाणपत्र, हा भाग नीट वाचावा. आज ते काम क्वचित येते, तरीही नोटरीची व्यापारातली जागा त्यावरूनच समजते, आणि ज्या शहराचा सराफा हुंडीच्या व्यवहारावर वाढला, त्या शहराच्या नोटरीला हुंडीचा नोटरीशी काय संबंध, हे सांगता न येणे बरे दिसत नाही. याशिवाय अधिनियमाचे आठवे कलम पाठ असल्यासारखे यायला हवे. दस्त करून दिल्याचे प्रमाणन, शपथ देणे आणि शपथपत्र घेणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करणे आणि अनुवाद पडताळणे, परदेशात वापरायचे दस्त तयार करणे किंवा प्रमाणित करणे, ही नोटरीची कामे त्यात आहेत. १९९९ च्या दुरुस्तीने न्यायालयाने सांगितल्यास पुरावा नोंदवणारा आयुक्त म्हणून, आणि मागणी झाल्यास लवाद, मध्यस्थ किंवा सलोखाकार म्हणून काम करणे, हीही त्यात आली. घरून ठरावीक वेळेत काम करू पाहणाऱ्या वकिलाने या शेवटच्या कामांकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते.

मध्यस्थाविषयी. त्याला एक रुपयाही देऊ नये. नियमांत जे शुल्क आहे ते सरकारच्या खात्यात जमा होते आणि त्याची पावती मिळते. याखेरीज कोणत्याही टप्प्यावर कुणाला काही देण्याची तरतूद नाही. नेमणूक आपल्या पात्रतेवर झाली तरी तो माणूस "माझ्यामुळे झाली" असे म्हणणार, आणि न झाली तर फोन उचलणार नाही. ज्या पदाचा सारा अर्थच "हा माणूस खोटी सही करणार नाही" एवढ्या विश्वासात आहे, ते पद लाच देऊन मिळवणाऱ्याला पुढे प्रत्येक लबाड पक्षकार ओळखून असतो. आपले पत्र वाचून आपण ते करणार नाही याची मला खात्री वाटते, कारण करायचे असते तर आपण विचारले नसते. तरी घरातून "सगळेच देतात" असा आग्रह झाला, तर हा परिच्छेद वाचून दाखवावा.

नेमणूक झाल्यावर नाव नोंदवहीत चढते आणि व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते. ते पूर्वी तीन वर्षांचे असे, १९९९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचे झाले. मुदत संपण्याच्या बरेच आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा, कारण प्रमाणपत्राशिवाय काम करण्यास कायद्याने मनाई आहे आणि आपण नोटरी असल्याचे खोटे भासवणाऱ्याला एक वर्षापर्यंतचा कारावास होऊ शकतो. शिक्का साधा गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर आपले नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असते. हा शिक्का कुणाच्या हाती देऊ नये, मग तो कितीही जुना कारकून असो.

यापुढचे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण नोटरी कसे व्हावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि नोटरी झाल्यावर टेबलाशी काय करायचे हे फारसे कुणी सांगत नाही.

नोटरीची नोंदवही उघडून पाहावी. आडव्या पानावर रकाने असतात: अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, दस्त करून देणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, दस्तातील मजकुराचा सारांश, लावलेले नोटरी तिकीट, नियमाप्रमाणे शुल्क, प्रत्यक्ष घेतलेले शुल्क, पावतीचा क्रमांक, संबंधित व्यक्तीची सही आणि शेवटी नोटरीची सही. शेवटून दुसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो भरण्यासाठी माणूस समोर असावाच लागतो. दस्तावर सही आधीच झालेली असेल तरी नोंदवहीवर सही घरून करून आणता येत नाही, आणि म्हणूनच ज्याला चुकीचे काम करायचे असते तो नोटरीच्या शिक्क्यापेक्षा नोंदवहीला अधिक भितो. काही ठिकाणी दिवसभर कागदांवर शिक्के मारले जातात आणि नोंदवही संध्याकाळी सवडीने भरली जाते. मधल्या ओळी मोकळ्या सोडल्या जातात, म्हणजे मागच्या तारखेचा कागद आला तर तिथे बसवता यावा. अशी एक मोकळी ओळ उद्या न्यायालयात उलटतपासणीत निघाली की त्या वर्षातल्या साऱ्या नोंदींवरचा विश्वास जातो, आणि ज्या शेकडो सरळ माणसांनी विश्वासाने कागद करून नेले, त्यांचे कागदही संशयात येतात. एकही ओळ मोकळी सोडू नये आणि काम झाल्याबरोबर नोंद करावी. वर्षभराच्या कामाचे विवरण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला पाठवायचे असते. नोंदवही रोजच्या रोज भरलेली असली तर ते काम सोपे जाते.

आपल्या ओळखीचाच एखादा गृहस्थ येईल आणि म्हणेल, "ताई, आईची सही घरूनच आणली आहे, तिला जिना उतरवत नाही, तुम्ही तर तिला ओळखता." इथे नकार देणे फार कठीण जाते, विशेषतः आपल्या समाजात, जिथे तीच आई हळदीकुंकवाला आपल्या घरी येऊन गेलेली असते. तरीही नकार द्यावा आणि त्याच श्वासात उपाय सांगावा: क्षेत्राच्या आत नोटरी घरी जाऊन काम करू शकतो, आणि त्यासाठी प्रवासखर्च घेण्याची तरतूद नियमांतच आहे. संध्याकाळी जावे, आजींना कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, मुलाला पाच मिनिटे बाहेर बसायला सांगावे, आणि हे आपल्या इच्छेने करीत आहात ना, असे विचारावे. बहुतेक वेळा काहीच वावगे निघत नाही. ज्या एखाद्या वेळी निघते, त्या वेळी त्या वृद्ध स्त्रीला आपल्याखेरीज दुसरे कुणीही विचारणारे नसते.

काही कागद सरळ परत करावे लागतात. इंदूरच्या चारी बाजूंना वसाहती वाढल्या आणि "नोटरीवर प्लॉट" घेण्याची चाल पडली. लोक आयुष्याची बचत देतात आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरचा नोटरी झालेला करार म्हणजे मालकी, असे समजून बसतात. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही. असा कागद समोर आला तर खरेदीदाराला बाजूला घेऊन हे सांगावे. नोटरी मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही, फक्त सही कुणाची आणि कधीची हे प्रमाणित करतो, असे म्हणून हात झटकणारे आहेत. कायद्याच्या अक्षराने ते बरोबरही असेल. पण आपण वकीलही आहात आणि समोरच्या माणसाला कायदा ठाऊक नाही, हे आपल्याला दिसत असते.

तीच गोष्ट लग्नाच्या आणि घटस्फोटाच्या कागदांची. आपण कौटुंबिक न्यायालयात काम केलेले असल्यामुळे अशा कागदांनी फसलेल्या मुली आपण पाहिल्या असतीलच. नोटरीला विवाह लावण्याचा किंवा मोडण्याचा काहीही अधिकार नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२० अखेर याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी कार्य विभागानेही ज्ञापन काढून नोटरींना असे दस्त करण्यास मनाई केली. असे काम केले तर ते गैरवर्तन ठरते. चौकशी होते, आणि ताकिदीपासून प्रमाणपत्र कायमचे रद्द होण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येतो. मराठी कागदांविषयी ते अगदी बरोबर बोलत आहेत. रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती इंदूरची, पण ज्यांच्या नावाचा सातबारा अजून साताऱ्याकडे, खानदेशात किंवा कोकणात आहे. काका वारले की वारसनोंदीसाठी तिकडच्या तलाठ्याला इथल्या चार भावंडांची शपथपत्रे हवी असतात. इकडच्या बँकेला किंवा परदेशी वकिलातीला मराठी सातबारा, फेरफार, जन्मदाखला यांचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद हवा असतो. अनुवाद करणे आणि तो पडताळणे हे नोटरीचे कायद्याने दिलेले काम आहे, आणि दोन्ही भाषा घरच्यासारख्या जाणणारी नोटरी या शहराला खरोखर हवी आहे. अर्जात "या भागाला गरज आहे" हे सांगण्यासाठी याहून चांगला आधार आपल्याला मिळणार नाही, म्हणून तो ठळकपणे मांडावा. मात्र जी भाषा आणि जी लिपी स्वतः वाचता येते, तिचाच अनुवाद प्रमाणित करावा. होळकरकालीन कागद पुष्कळदा मोडीत असतात. मोडी येत नसेल तर जाणकाराचे लिप्यंतर घेऊन त्यावर शिक्का मारण्याचा मोह टाळावा. मोडी शिकून घेता आली तर उत्तमच, कारण ती वाचणारे वकील आता फार थोडे उरले आहेत.

मुखत्यारपत्राच्या बाबतीत मात्र आपल्या लोकांची एक गफलत नेहमी होते आणि ती आपण टाळू शकाल. नोटरीसमोर केलेल्या मुखत्यारपत्राला पुराव्याच्या कायद्यात गृहीतकाचे बळ आहे. पूर्वी ते १८७२ च्या अधिनियमाच्या ८५ व्या कलमात होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ८४ व्या कलमात आहे. त्यामुळे पुण्याच्या भाच्याला तिकडचा दावा चालवण्यासाठी किंवा कचेरीतून कागद काढण्यासाठी मुखत्यार नेमायचे असेल, तर नोटरी झालेले पत्र उपयोगी पडते. परंतु मामाने स्वतः सही केलेले खरेदीखत भाच्याने त्याच्या वतीने दुय्यम निबंधकासमोर हजर करायचे असेल, तर नोंदणी अधिनियमाचे ३३ वे कलम आडवे येते: मुखत्यार नेमणारा भारतात राहत असेल, तर तो जिथे राहतो तेथील निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर ते मुखत्यारपत्र झालेले असावे लागते. नोटरीचे प्रमाणन तिथे चालते ते नेमणारा परदेशात असेल तर. हे ठाऊक नसल्यामुळे लोक इंदूरहून नोटरी केलेला कागद घेऊन जातात आणि तिकडे दारातून परत येतात. तिकिटाचे पैसे गेले, रजा गेली, आणि व्यवहाराची तारीखही हुकली. शिवाय इथे केलेला दस्त महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तेथील मुद्रांक शुल्काचा प्रश्न मिटवावा लागतो. म्हणून मुखत्यारपत्र समोर आले की पहिला प्रश्न "हे कशासाठी हवे?" असा विचारावा, आणि गरज पडल्यास आपले शुल्क सोडून माणसाला इंदूरच्याच रजिस्ट्री कचेरीची वाट दाखवावी. परदेशी पाठवायच्या कागदांचेही तसेच: अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारे प्रमाणन, परराष्ट्र मंत्रालय देते, नोटरी नव्हे, आणि नोटरीनंतर राज्य सरकारचा टप्पा बहुधा मध्ये असतो, हे आधीच सांगावे.

घराच्या पुढच्या खोलीला नियमांची आडकाठी नाही. कार्यालय प्रमाणपत्रातील क्षेत्रात असावे, बाहेर नावाची पाटी असावी, आणि शुल्काचे दर सहज दिसतील असे लावलेले असावेत, एवढे त्यांचे म्हणणे. पण उत्पन्नाविषयी स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. नोटरीला पगार नसतो. शुल्क नियमांनी ठरवलेले, तेही माफक. त्याहून अधिक घेणे हा गैरवर्तनाचा भाग, आणि प्रत्येक रकमेची पावती देणे बंधनकारक. ज्या नोटरींकडे दिवसभर रांग असते ते कोर्टाच्या किंवा कलेक्टर कचेरीच्या आसपास बसतात. लोकमान्य नगरात सुरुवातीला शपथपत्रांची गर्दी होणार नाही; अनुवाद, मुखत्यारपत्रे, वृद्धांची घरपोच कामे आणि जमलीच तर मध्यस्थीची कामे यांवर हळूहळू बस्तान बसेल. घरखर्च पहिल्या दिवसापासून त्यावर टाकू नये.

म्हणूनच वकिली सोडू नये. नोटरी झाल्यावरही वकिली करता येते, आणि आपण मोजकी प्रकरणे ठेवून सकाळचे दोन-तीन तास कोर्टात आणि दुपारनंतर घरच्या कार्यालयात, अशी वाटणी करू शकाल. एक पथ्य पाळावे: ज्या प्रकरणात आपण स्वतः वकील आहात, त्यातील पक्षकाराचे शपथपत्र आपल्याच शिक्क्याने करू नये. शेजारच्या नोटरीकडे पाठवावे. समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

अर्ज करण्यापूर्वी आणि नंतर उत्तराची वाट पाहतानाही काही आठवडे एखाद्या चांगल्या ज्येष्ठ नोटरीशेजारी, त्यांच्या परवानगीने, बसावे. ते कुणाला नाही म्हणतात आणि कसे म्हणतात, हे पाहावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३९ व्या कलमामुळे नोटरीसमोरचे शपथपत्र न्यायालयात चालते. त्यातल्या शपथेचे शब्द मराठीत आणि हिंदीत स्वच्छ म्हणता येतील असे तयार करून ठेवावेत, कारण पुष्कळ ठिकाणी शपथ प्रत्यक्षात दिलीच जात नाही, नुसती छापलेली असते. अर्जासाठी वर्षवार प्रतींची फाइल, सनद, बार परीक्षेचे प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा आणि भागाच्या गरजेचे एक पानभर निवेदन एवढे तयार झाले की आधी राज्याकडे जागांची चौकशी लेखी करावी, आणि तिथे जागा नसेल तर केंद्राच्या पोर्टलवर अर्ज भरावा. निवेदनाचा मसुदा या सदराकडे पाठवलात तर मी तो आनंदाने वाचून देईन.